येसराचा डबा

सास्तूरच्या थांब्यावर माझ्या पाठीवरची निळी सॅक बघून एसटीच्या कंडक्टरनं विचारलं होतं, "मावशी, काय विकायला निघालाव?" मी ताठ मानेनं सांगितलं, श्रीलंकेला निघालेय. त्यानं लोहाऱ्याचं तिकीट हातात दिलं आणि म्हणाला, पुढचं तिकडंच काढा.

तेव्हा मला चौसष्टावं लागलं होतं. एवढ्या वयात माणसाला अक्कल आलेली असते असा एक समज आहे, तो मी त्या आठवड्यात मोडून काढला. तीन वर्षं झाली. अजून त्या सॅकवाल्या बाईची आठवण आली की तिला वर्गाबाहेर उभं करावंसं वाटतं. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना मी तेच करत आले, पण तिच्याइतकं वांड पोर माझ्या हाताखालून एकही गेलं नाही.

झालं होतं असं. माझ्या थोरल्या लेकीची मुलगी पुण्यात असते. तिची एक नोकरी सुटली होती आणि दुसरी लागायला महिना होता. तेवढ्यात पाठीवर सॅक टाकून, मिळेल तिथं राहून, मिळेल ते खाऊन श्रीलंका बघायची असं तिचं नि मैत्रिणीचं ठरलेलं. मग तिकडच्या बातम्या बिघडल्या. पेट्रोल नाही, गॅस नाही, लोक रस्त्यावर. मैत्रिणीला घरच्यांनी अडवलं. लेक म्हणाली, एकटीला सोडणार नाही. फोनवर दोघींची रडारड चाललेली असताना मी मधेच बोलून बसले, मी जाते की तिच्यासंगं. नातीची माया होती हे खरं. पण गल्लीतल्या बायका बसनं काशी करून येतात नि वर्षभर सांगत बसतात, त्यांची तोंडं बंद करायची होती हे जास्त खरं.

आम्ही लिंगायत. लहानपणी गुरूंनी गळ्यात घातलेलं इष्टलिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, आणि सकाळी आंघोळ करून त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. माझं लिंग चांदीच्या चौक्यात असतं. चौका म्हणजे कुंकवाच्या डबीएवढी चांदीची पेटी, दोऱ्यात ओवलेली. भूकंपात आमचं घर पडलं त्या पहाटेही तो गळ्यात होता. पुढं वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तेव्हाही एक दिवस पूजा चुकली नाही.

आणि सोबत घेतला होता येसराचा डबा. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाले भाजून दळलेलं ते पीठ. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकलं की आमटी तयार. तिकडं कशातही मासळी घालतात असं ऐकलेलं, म्हणून मी दोन किलोचा स्टीलचा डबा गच्च भरून घेतला. नात म्हणाली, आज्जी, आपण तिथलं खायला चाललोय. मी म्हणाले, तू खा, मी बघते.

तसं खाल्लंही. शेवया वाफवून त्यांच्या चकत्या करतात, त्या आपल्या शेवयांच्या सख्ख्या बहिणी. फणसाची भाजी अशी की मटण म्हणून वाढली तर आमच्याकडं लोक पंगतीतून उठून जातील. ओल्या नारळाच्या लालभडक चटणीत मासळीचा चुरा असतो हे मला दुसरा घास तोंडात असताना कळलं. तो घास मी रुमालात कसा घेतला, ते नात अजून नक्कल करून दाखवते. दुधाची पावडर मिळत नव्हती, म्हणून चहा कोरा. हाताच्या तळव्यावर गुळाचा खडा द्यायचे. खडा चावायचा नि वरून चहाचा घोट घ्यायचा.

पण कँडी नावाच्या त्या डोंगरातल्या शहरात खाण्यापेक्षा जास्त दिसत होत्या त्या रांगा. रिक्षांची रांग घाटाच्या वळणावरून खाली दिसेनाशी व्हायची. ड्रायव्हर मागच्या सीटवर पाय वर करून बसलेले. त्यातल्या एकाला नातीनं विचारलं, हे सगळं कुणामुळं. त्यानं राजकारण्यांना शिव्या दिल्या नाहीत. स्वतःचं बोट वर केलं, मतदानाला शाई लावतात ते. भिंतींवर काळ्या रंगानं मोठमोठी अक्षरं होती. नात म्हणाली, राज्यकर्त्यांना घरी जा म्हणून लिहिलंय. आमच्याकडं ते पाच वर्षांतून एकदा घरी येतात, तेच आम्हाला जड जातं.

गॅसची रांग वेगळी. तिथं माणसं कमी आणि सिलिंडर जास्त. रिकामे सिलिंडर रस्त्याच्या कडेनं एकापुढं एक, साखळीत ओवून बैलांसारखे बांधलेले. प्रत्येकाला काही ना काही खूण. ते बघून माझे पाय थांबले. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर यायचा तेव्हा अशाच घागरी लागायच्या. घागर ठेवून बाई घरी जाऊ शकायची, कारण मागच्या बाईनं तिची घागर पुढं ढकलायची हा नेम होता. नवी नवरी असताना एकदा मी तो मोडला. पुढच्या घागरीची मालकीण तान्ह्या लेकराला पाजायला गेली होती, मी तिची घागर ओलांडून माझी पुढं नेली. पाणी माझ्यापाशी संपलं. ती आली, बघितलं, रिकामी घागर उचलून गेली. पुढच्या खेपेला मीच गेले होते घरी, तर माझी घागर तिनं ढकलत नळीपर्यंत नेऊन ठेवली होती. तेव्हा मला वाटलं, कशी जिंकले बाई मी. किती वर्षांनी कळलं की तो तिनं मला दिलेला मारच होता.

तिसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या रस्त्यावर लष्कर आलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून तपासत होते. बायांना तपासायला बाई शिपाई. आमच्यापुढच्या एका गोऱ्या बाईच्या गळ्यातलं पाकीट तिनं उघडून आत बोट घालून बघितलं, तेव्हा मी पदरावरून चौका मुठीत धरला. त्या दिवशी आम्ही मागं फिरलो. नात म्हणाली, उद्या इथूनच जायचंय, गळ्यातलं दाखवावं लागेल. मी म्हणाले, दाखवेन की, मी काय जुन्या काळची बाई आहे का.

सकाळी पूजा झाली, नाश्ता झाला, आणि नात आंघोळीला गेल्यावर या नव्या काळच्या बाईनं काय केलं? आमच्या सासूबाई मौल्यवान वस्तू पिठाच्या डब्यात लपवायच्या. मीही चौका गळ्यातून काढला, वस्त्रात गुंडाळला आणि येसरात कोपरापर्यंत हात घालून तळाशी पुरला. देवाची क्षमा मागितली. नातीला सांगितलं नाही. डबा तिच्या सॅकमध्ये ठेवला, माझी भरलेली होती.

तपासणीत बाई शिपायानं डबा उघडून वास घेतला आणि तिला अशा शिंका आल्या की तिनं घाईनं झाकण लावून आम्हाला हातानंच पुढं घालवलं. मी मनातल्या मनात सासूबाईंना नमस्कार केला. एवढी खूश तर मी रिटायरमेंटच्या सत्कारालाही नव्हते.

ऊन चढलं. गॅसच्या रांगेशी आलो तेव्हा मला गरगरायला लागलं. रांगेतल्या एका बाईनं ते पाहिलं आणि हाताला धरून मला तिच्या सिलिंडरवर बसवलं. चाळिशीची असेल, कपाळाला विभूतीचे पुसट पट्टे. चहाच्या मळ्यातली तमिळ बाई. तिच्या सिलिंडरला पिवळं फडकं बांधलेलं. तिनं तिच्या बाटलीतलं पाणी दिलं. आम्ही सीमेवरचे, घरात निम्मं कानडी चालतं. माझं कानडी नि तिचं तमिळ मीठ, पाणी, अक्का एवढ्यावर जुळलं. तीन दिवस रांगेत आहे, असं तिनं बोटांनी सांगितलं. घरी म्हातारे सासरे, चूल लाकडावर, लाकूड ओलं.

तेवढ्यात पुढं आरडाओरडा झाला. गॅसची गाडी आली म्हणून लोक धावले, गाडी नव्हतीच, मग चिडले. शिपाई काठ्या आडव्या धरून रस्ता मोकळा करायला लागले. नातीनं मला ओढत गल्लीत नेलं, तिथून गेस्टहाऊसवर. दुपारपासून कर्फ्यू लागल्याचं मालकानं सांगितलं.

जेवणाआधी मी चौका घ्यायला डबा मागितला. नात पाय चोळत बसली होती. म्हणाली, "तू डोळे मिटून बसली होतीस तेव्हा तो मी त्या मावशींना दिला. त्यांनी पाणी दिलं, तुला बसवलं, रिकाम्या हातानं कसं यायचं? तूच तर सांगतेस."

मी बरं म्हणाले.

मालकानं भात आणला. लिंग हरवलं तर सापडेपर्यंत अन्नपाणी बंद, म्हणून मी पोट बिघडल्याचं सांगितलं. संध्याकाळी नातीनं साखर-मिठाचं पाणी करून दिलं, मी ते बेसिनमध्ये ओतलं. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, अधूनमधून लष्कराची गाडी जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची कोलंबोची बस होती आणि तिथून विमान. गळ्याशी हात जायचा नि रिकामा परत यायचा. पन्नासेक वर्षांत एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते हलकेपण पेलवत नव्हतं.

सकाळी आंघोळ केली, विभूती काढली, आणि पूजेला हातात काहीच नाही म्हणून तशीच बसून राहिले. नात पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, पी, नाहीतर आईला फोन लावते. मग मी सांगितलं.

ती चिडली की मला अहोजाहो करते.

"तुम्ही ते पिठात पुरलं?"

"व्हय."

"आणि मला सांगितलं नाही."

"तू हसली असतीस."

"हसले असते," ती म्हणाली. "पण डबा दिला नसता."

ग्लास ठेवून तिनं सॅक भरायला घेतली. दोन्ही सॅक. कर्फ्यू सात वाजता उठणार होता, बस बाराला. विमान चुकलं तर पुढचं कधी, याची कुणालाच खात्री नव्हती, विमानांनाही पेट्रोल लागतं. म्हणाली, साडेदहापर्यंत शोधू. सापडलं नाही तर तू विमानात पाणी पिशील, शब्द दे. मी शब्द दिला नाही. तिनं परत विचारलं नाही, त्यानं जास्त भीती वाटली.

पिवळ्या फडक्याचा सिलिंडर जागेवर होता. बाई नव्हती. तिच्या मागच्या जागेवर एक पांढऱ्या मिशांचा माणूस होता, त्याला थोडं इंग्रजी येत होतं. त्यानं नातीला सांगितलं, ती कर्फ्यू उठताच आली, हातात स्टीलचा डबा होता, आणि खाली शहरात गेली. जिथं परदेशी लोक उतरतात तिथं.

म्हणजे ती आम्हाला शोधायला गेली होती. गेस्टहाऊसं तर त्या उतारावर भिंतीला भिंत लावून.

नात म्हणाली, मी खाली जाऊन बघते, तू इथून हलू नकोस. सॅक माझ्या पायाशी टाकून ती पळत सुटली. मी सिलिंडरवर बसले. कालपासून पोटात काही नाही, जीभ टाळूला चिकटलेली.

पाऊण तास झाला असेल. आणि त्या दिवशी गाडी खरंच आली.

साखळ्या सुटल्या. अख्खी रांग एकदम उभी राहिली आणि लोखंडावर लोखंड आपटत पुढं सरकायला लागली. माझ्या पुढचा सिलिंडर गेला. मधे चार पावलांची जागा मोकळी पडली. मागून कुणीतरी ओरडलं. मिशीवाला माणूस माझ्याकडं बघत होता. त्याला ओलांडून जाता आलं असतं, पण तो थांबला होता, मी काय करते ते बघायला.

मी उठले. सिलिंडर आडवा केला आणि पायानं ढकलत पुढं नेला. रिकामा असला तरी चढ होता. दर चार पावलांना उभा करायचा, त्याला धरून श्वास घ्यायचा, परत आडवा. सॅक मिशीवाल्यानं त्याच्या सिलिंडरवर घेतल्या. डाव्या बाजूनं एक धिप्पाड तरुण त्याचा सिलिंडर माझ्यापुढं घुसवायला आला. मी त्याच्याकडं बघून मराठीत म्हणाले, "मागं हो. बाई येणार हाय." चौतीस वर्षांचा आवाज होता तो. भाषा कळली नाही, तरी तो मागं झाला.

पुढं तीनच जण उरले तेव्हा दिसलं, शिपाई प्रत्येकाचं कार्ड बघतोय. कार्डाशिवाय सिलिंडर मिळत नव्हता. माझ्याकडं कार्ड कुठलं? खाली रस्त्याकडं बघितलं. बाई नाही, नात नाही. घड्याळात दहा वाजून गेले होते.

दोघं उरले. एक उरला. शिपाई माझ्यापाशी आला, हात पुढं केला. मी मान हलवली. मला येतं तेवढं इंग्रजी काढलं, "शी इज कमिंग." त्यानं काठीनं सिलिंडरवर टकटक केलं आणि बाजूला हो म्हणून खूण केली. मागं गोंगाट वाढला. बाजूला झाले असते तर ती बाई परत शेवटी, आणि शेवट त्या घाटाच्या वळणाखाली कुठंतरी. तीन दिवस उभी राहून मिळवलेली जागा तिनं माझ्यापायी सोडली होती. मी सिलिंडर उभा केला आणि त्याच्यावर बसले. दोन्ही हातांनी कडी धरली. त्यानं दुसऱ्या शिपायाला हाक मारली.

दुसरा आला. तो वयानं मोठा होता. माझ्या कपाळाची विभूती बघितली, कडी धरलेले हात बघितले, मग मिशीवाल्याशी काहीतरी बोलला. मिशीवाल्यानं खालच्या रस्त्याकडं हात केला, पिवळ्या फडक्याला हात लावून दाखवला, बरंच सांगितलं. त्या मोठ्या शिपायानं घड्याळ बघितलं आणि मिशीवाल्याचं कार्ड मागितलं. म्हणजे त्याला आधी द्यायचा, आणि माझी जागा तोवर तशीच. मग त्याच्या मागच्याला. मग त्याच्याही मागच्याला. प्रत्येक भरलेला सिलिंडर गाडीवरून उतरला की गाडीचा एक कोपरा रिकामा दिसायचा. मी ते बघायचं सोडून दिलं, कडीकडं बघत बसले.

शेवटी ती आली. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, डबा छातीशी धरलेला, मागं माझी नात तोंडानं श्वास घेत. दोघींची गाठ तळ्यापाशी पडली होती. बाईनं माझ्याकडं बघितलं, सिलिंडरकडं बघितलं, आणि आधी पदराच्या गाठीतलं कार्ड सोडून शिपायाच्या हातात दिलं. ते बरोबर होतं. मीही तेच केलं असतं.

भरलेला सिलिंडर खाली उतरल्यावर तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. नातीनं तिचं बोलणं, खुणा, इंग्रजी सगळं जोडून सांगितलं: काल सांजेला तिनं येसर काढायला चमचा खोलवर घातला, तो गुंडाळीला अडला. वस्त्र उघडून बघितलं. आंघोळ करून आली, घरातल्या देवांशेजारी पाटावर ठेवून दिवा लावला. येसर मात्र तिनं चमचाभरही काढलं नव्हतं. ज्याचा देव आहे त्याचंच पीठ, असं काहीतरी तिला वाटलं असावं.

रस्त्याच्या कडेला, सॅक पुढ्यात घेऊन मी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. पाणी तिनं बाटलीतून घातलं. वरच्या झाडाची पांढरी फुलं खाली पडलेली होती, त्यातलं एक नातीनं झटकून दिलं. पूजा दोन मिनिटांत उरकली, आयुष्यातली सगळ्यात छोटी. मग चौका गळ्यात घातला आणि तिची उरलेली अर्धी बाटली एका दमात संपवली. नातीनं केळं सोलून हातात दिलं नि म्हणाली, तू खा आज्जी, मी बघते.

येसराचा डबा मी तिच्याकडंच ठेवला. ती वेंडाम वेंडाम, नको नको, म्हणत होती तिच्या भाषेत, मी ऐकलं नाही. आता तिच्याकडं गॅस होता. बस पाच मिनिटं राहिली असताना मिळाली.

पुढं तिनं नातीच्या फोनवर फोटो पाठवला. पातेल्यात पिवळी आमटी, आणि तिच्यात नारळाचं दूध. सासूबाई असत्या तर त्यांनी तिच्यापेक्षा मलाच जास्त बोलून घेतलं असतं.

घरी आल्यावर स्वामींकडं गेले. लिंग अंगावेगळं झालं तर गुरूंना सांगायचं असतं. त्यांनी सगळं ऐकलं नि विचारलं, परक्या हाती गेलं होतं का?

"गेलं," मी म्हणाले. "तिनं पाटावर ठेवून दिवा लावला. त्याआधी माझ्याच हातानं ते मसाल्यात गेलं होतं. प्रायश्चित्त कशाचं घेऊ तेवढं सांगा."

स्वामींनी जपमाळ बाजूला ठेवली. मग चौका हातात न घेता, लांबूनच नाक जरा पुढं करून म्हणाले, धने जास्त भाजलेत.

नवा चौका घ्यावा असं लेक सांगते. मी घेत नाही. बिजागरीत येसर बसलंय ते निघत नाही, अजून पूजेला बसलं की वास येतो, आणि डोळे मिटून बसायचं तिथं मला आमटीची भूक लागते.